लॉकर कशाला हवाय?

मंडळी, आपल्या धंद्यातल्या माणसाचा क्रम ठरलेला असतो. आधी फ्लॅट, मग त्या फ्लॅटचे हप्ते, मग ट्रेकिंगचे बूट, आणि मग कधीतरी एका विकांताला कुणाच्या तरी वाड्यामागे गवतात उभी असलेली जुनी जीप दिसते आणि माणूस कामातून जातो. इथवर माझी काही तक्रार नाही. मीही त्याच वाटेने गेलोय, आमच्या दारात एक सीजे-थ्रीबी उभी असते आणि तिच्याखाली एक कायमचा तेलाचा डाग आहे. तक्रार आहे ती पुढच्या पायरीबद्दल. जीप घेऊन सहा महिने झाले, की "मागचा ॲक्सल अपग्रेड करायचाय" हे वाक्य येतं. का करायचाय असं विचारलं तर समोरचा अशा नजरेने बघतो, की जणू आपण विचारलंय, श्वास का घेतोस?

सध्या हापिसातल्या जीपवाल्यांच्या गटात एक तक्ता फिरतोय. मागे जाड शाफ्ट, त्यात लॉकर, वर एकतीस इंची टायर, आणि शेवटच्या रकान्यात 'पहिली ट्रिप : हिवरे बाजार, मागचा डोंगर'. तक्ता करणारा पोरगा हुशार आहे, रंगही छान भरलेत. पण या यादीत जी कामं खरंच करायला हवीत ती एकही नाही, आणि जी आहेत त्यातली निम्मी फक्त त्या शेवटच्या रकान्यासाठी आहेत. माझं भांडण त्या रकान्याशीच आहे. तिथे पोचेपर्यंत जरा दमानं घ्या, कारण आधी दुसऱ्या टोकाच्या लोकांचा समाचार घ्यायचाय.

हे दुसरे म्हणजे 'ओरिजिनल'वाले. यांच्या मते जुन्या गाडीचा एक नटसुद्धा बदलला तर पाप लागतं. ठीक आहे, पण कुठलं ओरिजिनल? महायुद्धातल्या विलीज आणि फोर्डच्या जीपला मागे 'फुल फ्लोटिंग' ॲक्सल होता. युद्ध संपल्यावर विलीजने नागरी सीजे काढली, तिच्या पहिल्या काही हजार गाड्यांतही तोच होता, मग तो काढून स्वस्तातला 'सेमी फ्लोटिंग' बसवला. महिंद्रांनी १९४७ मध्ये विलीज जीप इथे जोडायला घेतली आणि पुढे सीजे-थ्रीबी इथेच बनवायला लागले. अमेरिकेत ती १९६८ मध्ये बंद झाली, आपल्याकडे त्यानंतरही वर्षानुवर्षं निघत राहिली. तिच्या पोटात पुढे डिझेल इंजिनं आली, गिअरबॉक्स बदलले, नावं बदलली. म्हणजे आज ज्याला तुम्ही 'अपग्रेड' म्हणून नाक मुरडता, तो फुल फ्लोटिंग ॲक्सल १९४१ सालचा आहे आणि ज्याला तुम्ही ओरिजिनल म्हणून जपता ती खर्चात केलेली काटछाट आहे! कारखान्यानेच पन्नास वेळा बदललेल्या गाडीला सोवळ्यात ठेवायचं असेल तर खुशाल ठेवा. २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांवरच्या, मूळ स्वरूपात राखलेल्या गाड्यांसाठी वेगळी 'व्हिंटेज' नोंदणी आणली. पण त्या नोंदणीची गाडी रोजच्या वापरात आणता येत नाही, प्रदर्शनाला, रॅलीला, पेट्रोल भरायला किंवा दुरुस्तीला न्यायची. ज्याला तसं हवंय त्याने तसं करावं. मला गाडी चालवायची असते.

तेव्हा ॲक्सल बदलायला माझा विरोध नाही. विरोध आहे तो आधी उत्तर ठरवून मग प्रश्न शोधण्याला.

ज्यांनी कधी गाडीखाली डोकं घातलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं मागे जातो. (जाणकारांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल.) शाळेत कवायतीला रांग वळवायचे आठवतंय? आतला पोरगा जागच्या जागी पाय आपटत असतो आणि बाहेरचा जवळजवळ पळत असतो, तेव्हा कुठे रांग सरळ राहते. गाडी वळताना मागच्या दोन चाकांचं तेच होतं. दोन्ही चाकं एकाच सळईला घट्ट जोडली तर एकाला फरफटत जावं लागेल. म्हणून मधे डिफरन्शियल. त्यामुळे दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरता येतं, पण जोर मात्र दोघांनाही सारखाच मिळतो. मेख इथेच आहे. एक चाक चिखलात गेलं आणि त्याला पकडच उरली नाही तर दुसऱ्यालाही तेवढाच, म्हणजे जवळजवळ शून्य जोर मिळतो. एक चाक गरागरा फिरतं, दुसरं ढिम्म. लॉकर हे थांबवतो, दोन्ही बाजू एकमेकींना बांधून टाकतो.

या डिफरन्शियलचं दुसरं काम म्हणजे इंजिनाच्या फेऱ्या कमी करणं. सीजे-थ्रीबीचा आकडा ५.३८. पिनियनला ८ दात, क्राउनला ४३. प्रोपेलर शाफ्टच्या सव्वापाचाहून जास्त फेऱ्या झाल्या की चाकाची एक. शेतात, नदीच्या वाळूत, नांगर ओढायला हे उत्तम. पण वरच्या गिअरला ओव्हरड्राइव्ह नाही, तेव्हा साध्या अठ्ठावीस इंची टायरवर ताशी ८० किलोमीटरला इंजिन ३२०० फेऱ्यांच्या पुढे ओरडत असतं, आणि १०० ला चार हजारांवर. पुणे-नगर रस्त्यावर रांजणगाव ते सुपे असं तासभर चालवून बघा. उतरल्यावर बायकोशी बोलताना आपण ओरडतोय हे आपल्याला कळत नाही, तिला कळतं.

आता मला सांगा, हिवरे बाजारला जायचंय ना? पुण्याहून निघालात तर सगळा रस्ता डांबरी आहे. शिरूर, सुपे, मग आत वळायचं, आणि तोही गावापर्यंत पक्का. एवढ्या प्रवासात तुमच्या मागच्या ॲक्सलची परीक्षा कुठे होते? ट्रकांच्या मधे ताशी ऐंशीने पळताना. म्हणजे ट्रिप जर खरंच ही असेल, तर काम हे :

पहिलं म्हणजे शाफ्ट. सीजे-थ्रीबीचा मागचा शाफ्ट टोकाला निमुळता असतो. त्या निमुळत्या टोकावर हब चढवलेला, मधे एक चावी, वरून नट आवळलेला. नट नीट आवळला नाही किंवा हब एकदा जरी त्यावर हलला, की चावीची खाच खराब होते, मग शाफ्टच. शिवाय सेमी फ्लोटिंगमध्ये गाडीचं वजन आणि फिरवायचा जोर दोन्ही हा एकच दांडा सोसतो. तो बेअरिंगच्या बाहेर तुटला तर चाक ड्रमसकट निघून जातं, आणि त्याच्याबरोबर त्या चाकाचा ब्रेकही. फुल फ्लोटिंगमध्ये वजन बाहेरची नळी घेते, शाफ्ट फक्त फिरवतो. ट्रकच्या मागच्या चाकाच्या मधोमध गोल बोल्टांनी आवळलेली थाळी दिसते ना, ती शाफ्टची. घाटात कधी बघितलं असेल, ट्रक चारी चाकांवर मजेत उभा आहे, शेजारी लांबलचक ॲक्सल काढून ठेवलाय आणि किन्नर त्याच्यावर बसून बिडी ओढतोय. शाफ्ट तुटला, चाक जागेवर. जीपला हे करून घेणं, किंवा निदान हब आणि शाफ्ट एकाच तुकड्यात असलेला दांडा बसवणं, हे मला शंभर टक्के पटतं. कारण यात प्रश्न आहे चाक निघून रस्त्यावर मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याचा.

दुसरं, आकडा. ५.३८ चा ४.८८ केला तर ऐंशीला २९०० फेऱ्या, ४.२७ केला तर २५५०. फरक कानाला कळतो, डिझेललाही. पण इथे आपले लोक एक भारी शक्कल काढतात. फक्त मागचा बदलतात! "पुढचा फोर-व्हील टाकल्यावरच लागतो ना, बघू नंतर." अरे बाबांनो, या जीपच्या ट्रान्सफर केसमध्ये पुढच्या-मागच्यात डिफरन्शियल नाही. फोर-व्हील टाकलं की पुढचा आणि मागचा प्रोपेलर शाफ्ट एकाच गतीने फिरणार. मागे ४.२७ आणि पुढे ५.३८ असेल तर पुढची चाकं प्रत्येक फेरीला मागच्यांपेक्षा पाव फेरीने मागे पडणार. टायर घासतील, नाहीतर क्रॉस तुटतील, नाहीतर ट्रान्सफर केसचे दात हातात येतील. हे म्हणजे एका सर्व्हरवर नवं व्हर्जन आणि दुसऱ्यावर जुनं ठेवून दोघांना एकाच विद्यावर लिहायला सोडण्यासारखं आहे. दोन्ही बदलायचे, नाहीतर एकही नाही.

आणि भंगारातून दुसऱ्या गाडीचा अख्खा ॲक्सल आणून बसवणार असाल तर आधी खाली वाकून बघा. या जुन्या जीपचा डिफरन्शियलचा गोळा मधोमध नसतो, एका बाजूला सरकलेला असतो, कारण ट्रान्सफर केसमधून शाफ्टच तिरका बाहेर न येता एका बाजूने सरळ येतो. मधोमध गोळा असलेला ॲक्सल घातलात की प्रोपेलर शाफ्ट आडवा तिरपा होतो, साठच्या पुढे गाडी थरथरते आणि मग मंडळी चाकांचं बॅलन्सिंग करत बसतात. क्राउन-पिनियनची जोडी बसवणं हेही कुणालाही जमणारं काम नाही. पिनियन किती आत, किती बाहेर हे पातळ शिमा घालून ठरवायचं, दातांना रंग लावून फिरवून बघायचं, डाग दाताच्या मधोमध उमटला पाहिजे. चांगला मिस्त्री हे दोन-तीनदा उघडून परत करतो आणि तेव्हा तुम्ही शेजारी उभं राहून "अजून किती वेळ" असं विचारायचं नसतं. (विचारलंत तर पाना खाली ठेवून तो चहाला जातो. बरोबरच आहे त्याचं.)

तिसरं, ब्रेक. यावर मी काही लिहिणार नाही, फक्त एवढंच की त्या रंगीत तक्त्यात 'ब्रेक' हा शब्दच नाहीये.

आणि हो, कायदा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं, की नोंदणीत असलेल्या, निर्मात्याने दिलेल्या तपशिलाशी विसंगत फेरफार करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते ठणकावून सांगितलंय. तेव्हा गॅरेजवाला "चलता है" म्हणाला म्हणून करू नका, आधी आरटीओत जाऊन काय चालतं ते विचारा, विमा कंपनीला कळवा.

आता लॉकर आणि एकतीस इंची टायर.

जरा ढोबळ हिशेब करू, आपल्याला आवडतो ना. थ्रीबीच्या पेट्रोल इंजिनाचा टॉर्क साधारण १५५ न्यूटन-मीटर. पहिला गिअर २.८, ट्रान्सफर केसचा लो २.४६, डिफरन्शियल ५.३८. गुणाकार ३७. म्हणजे घर्षणात जाईल ते सोडून साडेपाच हजारांच्या वर न्यूटन-मीटर चाकांकडे निघतात. पण ते जमिनीपर्यंत पोचतात का? मागच्या ॲक्सलवर सातशे किलो वजन धरा, कोरड्या जमिनीची पकड ०.८ धरा. दोन चाकं मिळून दोन हजारांच्या आसपास सोसतात, त्यापुढे टायर घसरतो. म्हणजे एकेका शाफ्टवर हजार. टायर घसरतो म्हणून शाफ्ट वाचतो. साधा डिफरन्शियल आणि अरुंद टायर हे त्या शाफ्टचे फ्यूज आहेत! आता लॉकर लावा आणि एक चाक खड्ड्यावर अधांतरी जाऊ द्या. सगळं वजन एका चाकावर, सगळा जोर एका शाफ्टवर, म्हणजे दोन हजार. टायर अठ्ठावीसचा एकतीस केला की त्यात आणखी दहा टक्के. शाफ्ट तुटतो. मग माणूस जाड शाफ्ट घालतो. मग क्राउनचे दात जातात. ते बदलले की क्रॉस. मग ट्रान्सफर केस. मग चासीला तडे. घरातला फ्यूज उडतो म्हणून तिथे जाड तार बांधणाऱ्या माणसाला आपण काय म्हणतो?

गंमत म्हणजे एकतीस इंची टायर लावला की तो ५.३८ आपोआपच ४.८८ सारखा वागायला लागतो. मग "पिकअप गेला" म्हणून हेच लोक पुन्हा आकडा वाढवायला निघतात. असो.

याच कुळातल्या कमांडर जिपा काळीपिवळी होऊन गावोगाव किती वर्षं धावल्या आठवा. आत दहा, मागे पायरीवर चार, टपावर भाजीच्या पाट्या, आणि ड्रायव्हर अर्धा दाराबाहेर. कच्चे रस्ते, पावसाळा, लग्नसराई. त्यांना कुणी लॉकर लावला होता? ड्रायव्हरला ठाऊक असायचं की इथे क्लच असा सोडायचा, इथे माणसं खाली उतरवायची, इथे जायचंच नाही.

माझा लॉकरला सरसकट विरोध नाही. काळ्या मातीत शेत आहे, पावसाळ्यात दूध घालायला बाहेर पडावंच लागतं, अशा माणसाने जरूर लावावा, महिंद्रांनी २०१५ च्या थारला मागे कारखान्यातूनच दिला होता तो उगाच नव्हे. पण आपण हिंजवडीत राहतो. आपल्या आयुष्यात चिखल येतो तो आपण शोधत गेल्यावर. म्हणजे लॉकरची गरज निर्माण करायला आधी डोंगर हवा. म्हणून तो शेवटचा रकाना.

हिवरे बाजारचा डोंगर म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी. हे नगर तालुक्यातलं गाव. (जिल्ह्याचं नाव २०२४ पासून अहिल्यानगर, तोंडात अजून नगरच येतं.) पर्जन्यछायेचा मुलूख, वर्षाला जेमतेम ४०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, काही वर्षी त्याहूनही बराच कमी. ऐंशीच्या दशकात डोंगर बोडके होते, विहिरी कोरड्या आणि माणसं कामासाठी बाहेर. १९८९ मध्ये गावाने पोपटराव पवारांना बिनविरोध सरपंच केलं, आणि पुढे काही वर्षं रोजगार हमीतून आणि श्रमदानातून त्या डोंगरांवर सलग समतल चर खणले गेले. १९९४ मध्ये गाव राज्याच्या आदर्श गाव योजनेत आलं. पवारांना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली. हे सगळं आपल्याला प्रेझेंटेशनमध्ये दाखवायला आवडतं. पण गावाने स्वतःवर घातलेल्या बंद्या जरा नीट वाचा. कुऱ्हाडबंदी. चराईबंदी. शेतीसाठी बोअर घ्यायचं नाही, ऊस-केळी लावायची नाही. दरवर्षी पाऊस आणि विहिरींचं पाणी मोजायचं, माणसांना आणि जनावरांना लागणारं आधी बाजूला काढायचं, उरलेल्यावर पुढचं पीक ठरवायचं. चराईबंदी म्हणजे ज्या डोंगराखाली तुम्ही राहता, त्याच्यावर स्वतःची शेळीसुद्धा सोडायची नाही, चारा विळ्याने कापून डोक्यावर आणायचा.

आणि तिथे आपण दीड टनाची जीप चढवणार? गवत टिकावं म्हणून ज्या उतारावर शेळीचे चार खूर बंद केले, तिथे लॉक केलेली दोन चाकं गरागरा फिरवणार?

चर कसे असतात तेही बघा. ते उताराला आडवे, एकाच पातळीत असतात. पाऊस पडला की पाणी त्यात अडतं, थांबतं, मुरतं, खालच्या विहिरीत महिन्यांनी उतरतं. गाडी आडवी चढत नाही, उलटेल म्हणून. ती सरळ चढते, नाकासमोर. म्हणजे टायरच्या दोन चाकोऱ्या बरोबर उताराच्या दिशेने पडतात, वाटेत चराचा बांध फोडतात, आणि मातीही दाबून टाकतात, म्हणजे तिथे पाणी मुरायचं बंद. पुढच्या पावसात पाणी आडव्या चराऐवजी या उभ्या चाकोरीने धावतं, वाटेतली माती घेऊन. पहिल्या वर्षी बोटभर, मग वीतभर, मग तिची घळ होते. "एक गाडी गेली तर काय होतंय" याचं उत्तर हेच, की पाण्याला एकच वाट लागते. आणि एका गाडीमागून दुसरी जाते, कारण व्हिडिओ टाकलेला असतो.

यावर गटात एकाने लिहिलं, की पर्यटक आले तर गावालाच पैसे मिळतात. मग या की! त्या गावात देशभरातून माणसं बघायला येतातच, त्यांना डोंगर फोडावा लागत नाही. दुसरा म्हणाला, लष्कराच्या गाड्याही याच नगर भागात माळरानावर फिरतात. फिरतात. गाड्यांची परीक्षा घ्यायला नगरला डीआरडीओची अख्खी वाहन संशोधन संस्था आहे आणि त्यासाठी तिथे मुद्दाम ट्रॅक बांधलेत. ज्यांच्याकडे रणगाडे आहेत त्यांनाही गाडीचा छळ करायला वेगळी जागा लागते, कुणाच्या तरी पाणलोटात जाऊन ते करत नाहीत.

सबब त्या तक्त्यात मी बदल करून परत पाठवलाय. लॉकर काढला. एकतीस इंची टायर काढले. त्या पैशात पुढचा-मागचा दोन्ही क्राउन-पिनियन ४.८८, मागे एकसंध शाफ्ट, नवी बेअरिंगं आणि सील, चारी चाकांचे ब्रेक सिलिंडर आणि नळ्या, आणि मिस्त्रीची मजुरी त्याने मागितली तेवढी. शेवटच्या रकान्यात हिवरे बाजार तसंच ठेवलंय, फक्त 'मागचा डोंगर' खोडून 'गाडी ग्रामपंचायतीपाशी लावणे, परवानगी विचारणे, वर पायी' असं लिहिलंय. अजून गटात कुणाचा प्रतिसाद नाही. दोन अंगठे आलेत, ते ब्रेकला आहेत की मजुरीला, कळायला मार्ग नाही.